पेंढ्याची साखर करणारी पावडर: डबा बरा, चिठ्ठी खोटी

आधी गुण सांगून टाकतो. पावडरीला पाचपैकी साडेतीन. डब्याबरोबर आलेल्या चिठ्ठीला शून्य, आणि तेही मन मोठं करून. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं भांडण त्यांच्या कागदाशी आहे.

माल असा: सेल्युलेज एन्झाइमची, म्हणजे पेंढ्यातलं सेल्युलोज तोडून त्याची साखर करणाऱ्या प्रथिनाची पावडर, २५० ग्रॅमचा डबा, किंमत ११५० रुपये, कुरियर वेगळं. विक्रीच्या पानावर खाली चार जणांनी एकेक तारा देऊन 'फसवणूक', 'पैसे पाण्यात', 'नुसतं पीठ' असं लिहून ठेवलंय. त्या चौघांसाठीच मुख्यतः हे लिहितोय. दादांनो, पीठ नाहीये ते. तुम्ही कच्च्या पेंढ्यावर ते भुरभुरवलंत, आणि तसं करायला चिठ्ठीनेच सांगितलं होतं.

मी ३१ वर्षं रत्नागिरीत एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहाय्यक होतो. प्राध्यापक नव्हे, सहाय्यक. बाटल्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, पोरांनी फोडलेल्या ब्युरेटांचा हिशेब ठेवणं. निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यात गावी आलो. भाताचे चार कुणगे आहेत, थोडे माड, थोडी काजू, गोठ्यात एक गाय. पुतण्याची मुलगी नववीत आहे, तिने विज्ञान प्रदर्शनाला विषय घेतला 'टाकाऊ पेंढ्यापासून साखर', आणि डबा मागवला आबांच्या नावावर, आबांच्या पैशाने.

चिठ्ठी म्हणते: एक किलो पेंढा बारीक कापा, ओला करा, दोन ग्रॅम पावडर भुरभुरवा, २४ तास सावलीत ठेवा. 'पेंढा गोड होईल.' आम्ही तंतोतंत तसं केलं. दुसऱ्या दिवशी ओला पेंढा तयार झाला. पिळून काढलेलं पाणी बायकोच्या शुगरच्या मीटरवर धरलं तर त्याने 'लो' दाखवलं, म्हणजे २० च्याही खाली. कस्टमर केअरला फोन लावला. पोरगा फार गोड बोलला. "काका, तुमच्याकडच्या पेंढ्यात दम नसेल." पन्नास वर्षं गुरं खातायत तो पेंढा, आणि दम नाही म्हणे!

आता यात नेमकं काय अडतं ते सांगतो, कारण चिठ्ठीत त्याचं अवाक्षर नाही. पेंढ्यात सेल्युलोज भरपूर असतं, ढोबळमानाने वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब माळ. सेल्युलेजचं काम ती माळ तोडायचं. एक एन्झाइम माळ मध्येच कापतो, दुसरा टोकाकडून दोन-दोन मणी काढत जातो, तिसरा त्या जोड्या फोडून सुटं ग्लुकोज करतो. पण माळ उघड्यावर पडलेली नसते. तिच्याभोवती हेमिसेल्युलोजचा गुंता, त्यावर लिग्निनचा, म्हणजे काडाला ताठ ठेवणाऱ्या चिवट द्रव्याचा लेप, आणि भाताच्या काडात वरून सिलिका. विळीची धार पेंढ्याने लवकर का जाते, ते या सिलिकामुळे. आपल्याकडे लिग्निन समजवायला फणसासारखं उदाहरण नाही. गरे आत आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आधी हाताला तेल लावून, काटे बाजूला करून, चीक पुसून, चारखंड काढावी लागते. ही पावडर म्हणजे गरे खाणारा पाहुणा. चिठ्ठीने त्याला अख्खा फणस हातात देऊन ओटीवर बसवलाय.

फणस फोडण्याच्या त्या कामाला पूर्वप्रक्रिया म्हणतात, आणि खरी मेहनत तिथे आहे. कारखान्यातही तसंच. पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल काढायचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा, दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल अशी त्याची क्षमता सांगितलेली आहे. असल्या कारखान्यांत एन्झाइमची पाळी नंतर येते. त्याआधी पेंढा उष्णता, दाब आणि रसायनांच्या हातून गेलेला असतो. एक पद्धत तर अशी की १६० ते २४० अंशांच्या वाफेत माल दाबाखाली ठेवायचा आणि दाब एकदम सोडायचा. आतलं पाणी एकदम वाफ होऊन फुटतं, तंतू उसवतात. घरी हे करायला जाऊ नका.

घरी आम्ही दोन गोष्टी करून पाहिल्या, चुना आणि कॉस्टिक सोडा.

चुना म्हणजे वाण्याकडचा पानात खायचा. आमच्याकडे पूर्वी खाडीकाठी शिंपल्या भाजून चुना करायचे, तो मिळाला असता तर जास्त आवडलं असतं. ५० ग्रॅम सुकं काड, बोटाच्या पेराएवढं कापून, त्यात ५ ग्रॅमच्या हिशेबाने चुना आणि पाणी, झाकण घट्ट लावून बरणी सात दिवस पत्र्यावर उन्हात. मे महिना होता, पत्र्यावर हात टेकवत नव्हता. झाकण घट्ट हवं, नाहीतर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निरुपयोगी होऊन बसतो. आठवड्याने काड मऊ, पिवळं आणि पाणी चहासारखं.

कॉस्टिकची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दोन टक्क्यांचं द्रावण केलं, हातमोजे घातले, डोळ्यांना चष्मा लावला, नातीला चार हात लांब उभं केलं, सगळं नियमाप्रमाणे. आणि मिश्रण ओतलं ॲल्युमिनियमच्या डब्यात. ३१ वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाने! कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं, हे मी पोरांना दरवर्षी ओरडून सांगायचो. डबा फसफसायला लागला तेव्हा आठवलं. गॅस पेटवलेला नव्हता म्हणून बरं. डबा काळा पडून गेला, तो बायकोच्या माहेरचा होता, त्यामुळे या पावडरीची खरी किंमत ११५० नाही हे लक्षात घ्या.

दुसऱ्या वेळी स्टीलचा डबा, वर स्टीलचं झाकण, तो कुकरमध्ये, कुकरच्या तळाला साधं पाणी. शिट्टीच्या दाबाला आत साधारण १२० अंश होतात. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. पूर्ण थंड होईपर्यंत कुकरला हात लावायचा नाही. उघडल्यावर पाणी काढ्यासारखं काळंभोर, तेच विरघळलेलं लिग्निन, आणि सिलिकाही अल्कलीत बरीच सुटते. काड म्हणाल तर ओल्या सुताच्या गुंत्यासारखं. धुऊन सुकवल्यावर ५० ग्रॅमचं ३० ग्रॅम भरलं. नातीला वाटलं प्रयोग बिघडला. मी म्हटलं, जे गेलं ते जायलाच हवं होतं.

धुण्याबद्दल चिठ्ठीत काही असण्याचा प्रश्नच नाही. सहा पाणी लागली. एन्झाइमला पीएच (आंबटपणाचं माप) पाचच्या आसपास लागतो, ४.८ उत्तम, आणि तापमान ५० अंश. कॉस्टिकचा अंश राहिला तर पावडर जागच्या जागी मरते. शेवटी लिंबूसत्त्व घालून पीएच पेपरवर रंग जुळवला. चुन्याच्या बरणीत लिंबूसत्त्व घातल्यावर तळाला पांढरा साका बसतो, त्याला घाबरू नका, तो कॅल्शियम सायट्रेट.

५० अंश सतत ठेवायचे कसे? मासळीचा थर्माकोलचा खोका, आत जुना ६० वॅटचा बल्ब, शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडून मागून आणलेला थर्मोस्टॅट. खोका आधी सुरमईचा होता. ५० अंशांना तो वास पुन्हा जागा झाला आणि घरातल्या मांजरीने दोन दिवस प्रयोगावर पहारा दिला.

आता पावडरीच्या मात्रेकडे येतो, चिठ्ठीची दुसरी मोठी लबाडी इथेच आहे. डब्यावर 'हाय ॲक्टिव्हिटी' छापलंय. किती हाय? आकडा नाही. सेल्युलेजची ताकद एफपीयूमध्ये मोजतात, म्हणजे फिल्टर पेपर युनिट. व्हॉटमन नंबर १ ची एक सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब पट्टी, सुमारे ५० मिलिग्रॅम भरते. ती ५० अंशांना एक तास एन्झाइममध्ये ठेवायची आणि किती साखर सुटली ते बघायचं. या चाचणीची जी पद्धत जगभर वापरतात ती दिल्लीच्या आयआयटीतल्या घोष यांनी १९८७ मध्ये लिहून काढली. म्हणजे आपल्याच देशातल्या माणसाची चाचणी, आणि आपल्याच देशातल्या डब्यावर तिचा आकडा नाही. माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका मॅडमना चमचाभर पावडर पाठवली. त्यांनी वेळ काढून करून दिलं: ग्रॅमला साधारण २० एफपीयू. वाईट नाही, आणि पीठ तर नक्कीच नाही.

पण हिशेब करा. एक ग्रॅम सेल्युलोजला १५ ते २० एफपीयू ही नेहमीची मात्रा. ५० ग्रॅम पेंढ्यात १७ ग्रॅम सेल्युलोज धरलं तर लागतात तीनशेच्या आसपास, म्हणजे १५ ग्रॅम पावडर. चिठ्ठीच्या हिशेबाने ५० ग्रॅम पेंढ्याला ०.१ ग्रॅम पडते. दीडशे पटींचा फरक! आमटीत मिठाचा एकच कण टाकावा आणि अळणी झाली म्हणून मिठाला नावं ठेवावीत, तसं झालं.

योग्य मात्रा, योग्य पीएच, अर्धा लिटर पाणी, खोक्यात ४८ तास. मग गाळून, दहापट पातळ करून मीटरवर. वाचन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दहापट पातळ केलेल्याचं. मीटर रक्तासाठी बनवलेला असतो, त्यामुळे आकडे एकमेकांशी तुलना करण्यापुरतेच धरा. काही जातीच्या पट्ट्या झायलोजलाही (हेमिसेल्युलोजमधून सुटणारी साखर) ग्लुकोज समजतात, तेही ध्यानात असू द्या. एका पट्टीचे वीस रुपये. बायको म्हणाली, "पेंढ्याला डायबेटीस झालाय का? माझी तपासायला पट्टी नाही आणि ह्याची दिवसातून तीनदा!"

कच्चा पेंढा ५२. चुन्यातला १४०. कॉस्टिकमधला २४२.

नात नाचायला लागली. मी म्हटलं थांब, चौथी बरणी राहिली. नुसतं पाणी, लिंबूसत्त्व आणि पावडर, पेंढा नाहीच. तिचं वाचन आलं १५. म्हणजे पावडरीतच थोडं ग्लुकोज आहे. एन्झाइमला वाहक म्हणून, म्हणजे पावडरीला भर यावी म्हणून काहीबाही मिसळतात, त्यात गैर नाही, पण काय मिसळलंय ते लेबलावर यायला हवं. नाहीतर पोरं डब्यातलीच साखर पेंढ्याच्या नावावर जमा करतील आणि प्रदर्शनात बक्षीसही घेतील. १५ वजा केल्यावर उरले ३७, १२५ आणि २२७. कॉस्टिकच्या बरणीत म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर ग्लुकोज. एक ग्रॅम सेल्युलोज पूर्ण फुटलं तर १.११ ग्रॅम ग्लुकोज देतं, कारण फुटताना पाणी जोडलं जातं. त्या हिशेबाने १७ ग्रॅमचे जास्तीत जास्त १९ होतात. आम्ही ६० टक्क्यांवर पोचलो, सुरमईच्या खोक्यात! कच्च्या पेंढ्यातून १० टक्केही नाही. पावडर तीच, पाणी तेच, बल्ब तोच.

म्हणून म्हणतो, एक तारा देणाऱ्यांनी तारा परत घ्यावा आणि चिठ्ठीला द्यावा.

बाकीचा माल घाईघाईत केला. नारळाचं सोडण: कच्चं शून्याला टेकलेलं, कॉस्टिकनंतरही, पावडरीचे १५ वजा जाता, जेमतेम ३०. अपेक्षाच नव्हती. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून तर त्याच्या दोऱ्या खाऱ्या पाण्यात टिकतात आणि सोडणं खाडीत महिनोन्‌महिने कुजत घालावी लागतात. सोडणाची साखर करायचा नाद सोडा, चुलीत घाला. काजूच्या बोंडांचा चोथा: यात फसायला होतं. रस काढल्यावरही त्यात स्वतःची साखर राहते, त्यामुळे पावडर घालण्याआधीच मीटर आनंदाने ओरडतो. गरम पाण्याने चार वेळा धुऊन मगच मोजा. आमच्या धुतलेल्या चोथ्याने फार काही दिलं नाही. केळीची सुकी सोपटं मात्र चांगली निघाली, चुन्यातच पेंढ्याच्या बरोबरीला आली. पण पहिली बरणी वाया गेली. रात्री दोन वाजता वीज गेली, खोका ३४ अंशांवर उतरला, सकाळी बरणीत फेस आणि आंबूस वास. २४ तासांना १३६ होतं ते ७० वर आलं. आम्ही केलेली साखर रात्रीतून दुसऱ्याच कोणी खाल्ली. ५० अंशांना रानटी यीस्टला ऊब जास्त होते, ३४ ला त्याचं लग्नघर.

पावडर येते कुठून, हेही नातीच्या तक्त्यासाठी शोधलं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, कापडी पट्टे भराभरा कुजायला लागले. त्या कापडावरून जी बुरशी मिळाली तिची वंशावळ आज सेल्युलेजच्या धंद्यात आहे. तिच्यावर आयुष्य काढणाऱ्या एल्विन रीझ यांच्यावरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीझाय. जुलैत कपाटातल्या शर्टावर बुरशी येते तेव्हा कोकणातल्या माणसाला सॉलोमन बेटं काही परकी वाटायला नकोत. शेजारी म्हणाला, "मग आम्ही मिरीच्या वेलाला घालतो ते ट्रायकोडर्मा टाकू काय पेंढ्यावर?" ते याचं चुलत घराणं. टाकलंत तर पेंढा कुजेल, साखर बुरशीच खाईल, आणि खत चांगलं होईल.

कॉस्टिक की चुना? मीटर म्हणतो कॉस्टिक. मी म्हणतो चुना. कॉस्टिकचं काळं पाणी कुठे ओतणार? माडाच्या आळ्यात नको, विहिरीच्या बाजूला तर नकोच, सोडियम जमिनीचं वाटोळं करतं. मी ते ॲसिडने मारून, घरापासून लांब कातळावरच्या खड्ड्यात सुकवलं आणि दोन दिवस मनाला टोचणी लागून राहिली. चुन्याच्या पाण्याची ती भीती कमी. आपल्या जांभ्या मातीला आंबटपणा असतोच, थोडा चुना तिला चालतो. शिवाय गॅस जळत नाही आणि पोरांच्या हातून डोळ्यात काही उडण्याची धास्ती बरीच कमी, तरी चष्मा लावाच.

भावाने यावर एका वाक्यात पाणी ओतलं. म्हणाला, हे आपण केलंय की! खरंच केलंय. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पाण्यात विरघळवून शिंपडायचा, प्लास्टिकखाली घट्ट झाकून २१ दिवस ठेवायचा. युरियाचा अमोनिया होतो, तो पेंढा फुगवतो, सैल करतो, आणि गाईच्या कोठ्यातले जंतू पुढचं काम करतात. ३९ अंश कायम, वीज न जाणारं, एन्झाइम आतल्या आत तयार करणारं यंत्र गोठ्यात बांधलेलं असताना मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून बसलो होतो. (आमचा कॉस्टिकचा पेंढा मात्र तिला दिलेला नाही, कोणी देऊही नये.)

पैशाचं म्हणाल तर हसू येतं. १५ ग्रॅम पावडर म्हणजे ६९ रुपये, त्यातून साडेअकरा ग्रॅम साखर. एवढ्या पैशांत वाणी किलोभर साखर देऊन वर सुट्टे परत देईल. घरी साखर करायला हा डबा कोणी घेऊ नये. शाळा-कॉलेजच्या प्रयोगाला मात्र जरूर घ्यावा, १६ वेळा पुरतो, आणि कच्च्या व तयार पेंढ्यातला फरक पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

पॅकिंगचा अर्धा गुण कापलाय. आतल्या पिशवीची झिप दुसऱ्याच दिवशी तुटली, आणि आपल्याकडच्या हवेत पावडरीचे खडे व्हायला एक पाऊस पुरे. मी काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलीय. बायकोने वर चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'हे खायचं नाही. ह्यांचं आहे.'

विक्रेत्याला दोन ओळींचं पत्र पाठवलंय: एफपीयू छापा, वाहक काय ते छापा, आणि चिठ्ठीत 'आधी चुना' एवढे दोन शब्द घाला. उत्तर अजून नाही. डब्यात ९० ग्रॅम उरलेत. काल केळीच्या सोपटांच्या दोन बरण्या चुन्यात घालून पत्र्यावर ठेवल्यात, एक पाच ग्रॅमची आणि एक अडीचची. अडीचवर भागतं का ते बघायचंय, पाऊस लागायच्या आत.